टाकेपेठेत रुपया दोनदा देतात

मंडळी, आधी त्या गूळवाल्या बाईंचे पैसे द्या आणि मग इकडे सावलीत या. त्यांनी तुमची नोट परत केली ती फाटकी आहे म्हणून नव्हे, आणि तुम्ही फार आवडलात म्हणून तर नव्हेच. टाकेपेठेची रीतच तशी आहे. गिऱ्हाइकाने पैसे पुढे केले की दुकानदार ते हातात घेतो आणि पुन्हा गिऱ्हाइकाच्याच हातावर ठेवतो. गिऱ्हाइकाने ते दुसऱ्यांदा द्यायचे, मग सौदा पक्का. गेल्या वर्षी एक गृहस्थ नोट परत मिळताच दोन्ही हात जोडून "किती चांगली माणसं हो तुम्ही" म्हणाले आणि पाच किलो गूळ घेऊन गाडीकडे निघाले. बाईंना त्यांच्या मागे वडापर्यंत पळावं लागलं.

आता हा काळा दगड बघा. मधोमध खळगा दिसतो ना, तो पाण्याने पडलेला नाही. रुपये आपटून आपटून पडला असे सांगतात. खरंखोटं दगडाला माहीत.

मी गणपत ढमाले. घाटातल्या गाडीवर एकतीस वर्षं कंडक्टर होतो. पैसे घेण्यात जन्म गेला म्हणून पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचं काम गावाने माझ्याकडे दिलं. आमचे गुरव माझ्यापेक्षा चांगली सांगतात, पण त्यांना दीड तास लागतो आणि मध्ये एक आरती होते.

तर त्या काळी रुपया एक नव्हता. आज रुपया म्हटलं की संपलं, काश्मिरात गेला तरी तोच. तेव्हा म्हणे ज्याच्या हातात चार घोडी आणि एक टांकसाळ, तो आपला रुपया पाडायचा. एका रुपयात चांदी जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात नुसता चांदीचा मुलामा आणि आत तांबं. आमची पेठ घाटमाथ्यावर. खालून मिठाचे बैल वर यायचे, वरून गूळ आणि तांदूळ खाली जायचा, आणि चारी दिशांचे रुपये सोमवारच्या बाजारात एकमेकांना भेटायचे. भांडणं व्हायचीच. म्हणून पेठेत एक पोतदार असायचा. नाणं खरं की खोटं हे सांगणारा माणूस तो पोतदार. नाणं या दगडावर टाकायचं, त्याचा आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. खणखणीत वाजला तर बंदा रुपया. बद्द वाजला तर खोटा, आणि मग पोतदार छिन्नी लावून तिथल्या तिथे त्याचे दोन तुकडे करायचा. तुकडे झाले की रुपया मेला. त्याला पुन्हा कुणी हात लावत नसे.

गोष्टीतला पोतदार म्हणजे सदोबा. बाप पोतदार, आजा पोतदार. दर शेकडा नाण्यांमागे त्याला एक पैसा मिळे, आणि त्यावर घर चाले. कान असा की बायको परसात बांगडी काढून ठेवत असली तर ओटीवरून म्हणायचा, ती डाव्या हातातली ना. निदान तो तसं सांगायचा. बायको आवडाबाई म्हणायची, दोनदा बरोबर आलं आणि शंभरदा चुकलं, पण चुकलेलं लक्षात कोण ठेवतो.

एका चैत्रात जत्रेत काय झालं, लोखंडी उखळीत दारू ठासून बार उडवत होते. सदोबा देवापुढे पडलेली नाणी तपासायला उखळीच्या अगदी शेजारी बसलेला. बार उडवणाऱ्याने तीनदा सांगितलं, जरा सरका. सदोबा म्हणाला, पोतदाराची जागा आजापासून हीच आहे. मग बार उडाला. धूर गेला, लोक हसले, सदोबाही हसला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपलं हसू आपल्याला ऐकू येत नाहीये.

महिना झाला, तेल झालं, लसूण झाला, नवस झाला. कान गेले ते गेलेच. आता सोमवार तर दर आठ दिवसांनी येणार. बहिरा पोतदार म्हणजे पांगळा डाकवाला. पेठेला कळलं असतं तर काम त्याच दिवशी पुतण्याकडे गेलं असतं. पुतण्या तुळाजी टपूनच होता. सदोबाने बायकोला तेवढं सांगितलं आणि दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी आवडाबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, समोर बसली आणि त्याला ओठ वाचता यावेत म्हणून एकेक शब्द चावून म्हणाली, "अहो, दूध उतू गेलं आणि मी ते लपवलं, तर तुम्हाला कसं कळतं? दुधाचा आवाज ऐकून?"

सदोबाने विचार केला. दुधाचा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. तो बायकोचं तोंड बघून ओळखायचा. भाकरीचा पहिला घास मोडायच्या आत त्याला सगळं सुचलं म्हणे, आणि मग तो चार भाकरी जेवला.

सोमवारी तो दगडापाशी बसला आणि त्याने पहिल्यांदा एक नवा नियम काढला. दगडाच्या पाच पावलांत कुणी बोलायचं नाही, पोतदाराला नाणं ऐकू द्यायचं. लोकांना वाटलं, वय झालं तसा हा आणखी बारकाईने ऐकतोय. मग नाणी पडू लागली. सदोबाने मान एका बाजूला कलती केली, डोळे अर्धे मिटले आणि त्या अर्ध्या डोळ्यांनी तो नाणं टाकणाऱ्याकडे बघत राहिला. त्याला जे दिसलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण मी ते एकतीस वर्षं गाडीत पाहिलंय. सरळ माणूस पैसे दिले की त्यांच्याकडे बघत नाही. त्याचं लक्ष बैलाकडे असतं, ओझ्याकडे असतं, पोराने काय उचललं इकडे असतं. ज्याच्या मनात खोट आहे तोच नाणं पडलं की श्वास धरतो, मान पुढे काढतो आणि पोतदाराच्या तोंडाकडे डोळे लावतो. सदोबा बैलाकडे बघणाऱ्याला बंदा म्हणायचा आणि श्वास धरणाऱ्याला खोटा. खोटा ठरला की माणूस आरडाओरडा करून गर्दीत पसार व्हायचा, त्यावरून निकाल बरोबर होता हे लोकांना कळायचं.

सात वर्षं हे चाललं. सदोबाचं नाव कान असताना झालं नव्हतं तेवढं कान गेल्यावर झालं. एकदा एका माणसाने अस्सल चांदीचा रुपया टाकला आणि सदोबा म्हणाला खोटा. जुने सावकार चमकले, कारण आवाज तर देवळातल्या घंटेसारखा आला होता. एवढ्यात घाटाखालून एक वाणी धापा टाकत आला, माझी थैली मारली म्हणून. त्या दिवसापासून पंचक्रोशीत झालं की सदोबाला नाण्यातली चोरीसुद्धा ऐकू येते. आवडाबाईने हे ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून परसात गेली.

आणि मग एका सोमवारी सोमी आली.

सोमी खालच्या ठाकरवाडीची. रानातला हिरडा गोळा करायचा, पोळ्यातला मध काढायचा आणि पेठेत विकायचा हे तिचं काम. तिला मिळायचे ते तांब्याचे पैसे. तीन वर्षं तिने ते साठवले आणि एका हिरड्याच्या व्यापाऱ्याकडून बदलून त्यांचा एक रुपया केला. आख्ख्या वाडीत रुपया कुणाच्या घरी आलेला नव्हता. आदल्या रात्री माणसं तो बघायला येऊन गेली. तिला एक गाभण शेळी घ्यायची होती. शेळी झाली की दूध, पुढच्या साली करडं, त्यापुढे आणखी करडं. पावसाळ्यात हिरडाही नसतो आणि मधही नसतो, तेव्हा घरात पोरांना काही मिळेल, एवढाच तिचा हिशेब होता. शेळीवाल्याने सांगितलं, आधी पोतदाराला दाखव.

तिने पदराची गाठ सोडली आणि रुपया दगडावर टाकला. आता मला सांगा, तीन वर्षांचा एकुलता एक रुपया दगडावर आपटायचा म्हटल्यावर तुम्ही बैलाकडे बघाल का? तिने श्वास धरला, मान पुढे काढली आणि सदोबाच्या तोंडाकडे डोळे लावले.

सदोबा म्हणाला, खोटा. आणि त्याने छिन्नी उचलली.

छिन्नी रुपयावर टेकायच्या आत सोमीने त्यावर पंजा ठेवला. लोक म्हणाले, आता ही ओरडणार आणि पळणार. ती ओरडली नाही आणि हललीही नाही. तिने रुपया उचलला, पदराने पुसला, जणू आधीच्या वेळी त्यावर धूळ असल्यामुळेच तो नीट वाजला नव्हता. मग तिने तो पुन्हा दगडावर टाकला, आपल्या कानाला बोट लावलं आणि म्हणाली, "मालक, परत आइका."

सदोबाला शब्द ऐकू गेले नाहीत, पण कानाला लावलेलं बोट दिसलं. सात वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. लबाड माणूस दुसऱ्यांदा ऐका म्हणत नाही. सदोबाने तिच्याकडे बघितलं, आणि आपण काय करत होतो ते त्याला लख्ख कळलं. पुन्हा खोटा म्हणायचं, छिन्नी मारायची की घर सुखात राहणार होतं. सगळी पेठ आपल्याच बाजूची. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी वाटतं की आता हा छिन्नी मारणार. मी असतो तर मारली असती.

त्याने छिन्नी खाली ठेवली आणि नको तेवढ्या मोठ्या आवाजात, कारण आवाज किती लागतो हे त्याला कळत नव्हतं, म्हणाला, "बाई, मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली."

मग एकदम सगळे बोलू लागले, पाच पावलांच्या आतसुद्धा. तुळाजी गर्दीतून पुढे आला. त्याने सोमीचा रुपया उचलला, वाजवला, दोनदा वाजवला आणि जरा नाराजीनेच म्हणाला की बंदा आहे. सोमीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि गाठीला बांधला. पण तुळाजीचं समाधान एवढ्यावर होणार नव्हतं. तो म्हणाला, काकांनी सात वर्षांत काय काय पास केलंय ते बघू द्या. पेठेचे शेटे, म्हणजे बाजाराचे मुख्य, मानाजी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मोठ्या रुबाबात कमरेची थैली सोडली आणि म्हणाले, माझ्यापासून कर.

थैलीत वीस रुपये होते. तुळाजीने एकेक वाजवला. सात खोटे निघाले.

आता यात नवल काही नाही. सदोबा नाणं तपासतच नव्हता, तो माणूस तपासत होता. सरळ माणसाला कुणीतरी फसवून खोटा रुपया दिला की तो बिचारा ते न कळता पेठेत आणायचा, बैलाकडे बघत दगडावर टाकायचा आणि रुपया बंदा ठरायचा. पुढे तो मीठवाल्याकडे, मीठवाल्याकडून तांदूळवाल्याकडे, तिथून शेट्यांच्या कमरेला. सात वर्षांत कुणाला तो खुपला नव्हता.

पण त्या क्षणी हे कुणी बोललं नाही. जो तो आपल्या थैलीवर हात ठेवून उभा राहिला. प्रत्येकाच्या मनात एकच चाललेलं, की माझ्यात किती असतील. तुळाजी म्हणाला, आता पुढची थैली आणा. एकही माणूस पुढे आला नाही. म्हणे वाऱ्याने एकाची पगडी पडली, तरी ती उचलायला तो वाकला नाही, वाकताना थैली वाजेल म्हणून.

शेट्यांनी आपले सात रुपये हातावर घेतले आणि एकेक उलटून बघितला. मग तुळाजीला विचारलं, "ह्या रुपयांनी मीठ आलं का नाही?"

तुळाजी म्हणाला, आलं.

"गूळ गेला का? माझ्या दोन पोरींची लग्नं झाली का? जावई परत आले का पैसे खोटे म्हणून?"

तुळाजी म्हणाला, नाही आले, पण चांदी—

"चांदी आमच्या घरी कुणी खात नाही," शेटे म्हणाले. "थैली बांध. ऊन चढलं, बाजार खोळंबलाय."

आणि सगळ्या पेठेने श्वास सोडला. असे सांगतात की तो सुस्कारा खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला. रुपयात चांदी किती, शिक्का कुणाचा, हे सगळं खरंच. पण देणाऱ्याने द्यावा आणि घेणाऱ्याने घ्यावा, मग तो रुपया होतो. दोघांपैकी एकाने हात आखडला तर तो नुसता वाटोळा तुकडा. हे आमच्या पेठेला शंभर-दीडशे थैल्या धोक्यात आल्यावर कळलं. बहुतेकांना अक्कल अशाच वेळी येते.

राहिला सदोबा. त्याने फसवलं होतं ते फसवलं होतंच. शेटे म्हणाले, आमच्यातल्या कुणाचं त्याने काही बुडवलं नाही; ज्या बाईचा रुपया तो तोडणार होता तिने काय ते सांगावं. सोमी तोवर शेळीचे दात बघत होती. तिला हाक मारून आणलं. तिने सदोबाकडे बघितलं. त्याचे हात मांडीवर पडले होते आणि काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं. आवडाबाई त्याच्यामागे येऊन उभी होती.

सोमी म्हणाली, "माझा रुपया ऱ्हायला. मग ह्यांची भाकर का घालवता?" आणि शेळीचा कान धरून निघून गेली.

सदोबाचं काम राहिलं. पण दुसऱ्याच सोमवारी त्याची खरी पंचाईत झाली. कान नाहीत म्हणजे तो तोंड बघून ओळखत असणार, हे आता जगजाहीर. जो तो नाणं टाकलं की मान वळवून बैलाकडे बघू लागला. ज्याला बैल नव्हता तो दुसऱ्याच्या बैलाकडे बघायचा. एक कसलेला ठक तर देवळाच्या कळसाकडे इतक्या भक्तीने बघत उभा राहिला की त्याची मान धरली आणि लोकांनी ती तेल लावून सोडवली. सदोबाला सगळेच सज्जन दिसायला लागले, आणि पोतदाराला याहून मोठा घोर नाही.

तेव्हा त्याला सोमी आठवली. त्याने पहिल्या माणसाचा रुपया उचलला, त्याच्याच हातावर ठेवला आणि सांगितलं, परत टाक. सरळ माणूस म्हणाला, बरं, आणि टाकला. दुसऱ्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, एकदा टाकला ना? बैल उभे आहेत, ऊन झालंय, आमच्या घराण्यावर अविश्वास? सोंग एकदा आणता येतं. पुन्हा आण म्हटलं की माणूस चिडतो. सदोबाने आयुष्यभर पुढे तेवढंच केलं, आणि दुसऱ्यांदाही शांतपणे टाकणाऱ्याचा रुपया कसाही वाजला तरी घेतला.

सदोबा गेला, तुळाजी गेला, पोतदार गेले, चांदीचे रुपये तर कधीच गेले. पण सदोबाचं बघून दुकानदारांनी उचललेली रीत राहिली; आजही टाकेपेठेत कुणी पैसे एकदाच घेत नाही. परत करतो, आणि गिऱ्हाइकाने पुन्हा दिले की नोट कितीही मळकी असली तरी नाही म्हणत नाही. मध्ये शहरातून एक साहेब आले, फोनवरून पैसे आले की मोठ्याने बोलणारी डबी घेऊन. त्यांनी ती गूळवाल्या बाईंना लावून दिली. डबी म्हणाली, शंभर रुपये मिळाले. बाई गिऱ्हाइकाला म्हणाल्या, आता पुन्हा द्या. त्याने दिले. संध्याकाळपर्यंत बाईंकडे सगळ्यांचे दुप्पट पैसे जमा झाले, आणि पुढचा अख्खा आठवडा त्या लोकांना फोन करून परत करत होत्या. आता फोनवरून पैसे देणाऱ्यांनी फोनचा पडदा दोनदा दाखवायचा, एवढी सूट पेठेने दिली आहे.

मी याच गावचा. ही गोष्ट मी पाळण्यात ऐकली. तरी नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हातारीने मला तिकिटासाठी दोनची नोट दिली, मधोमध फाटलेली, भाताच्या शिताने चिकटवलेली. मी नाही म्हटलं. तिने ती मांडीवर ठेवून सरळ केली आणि पुन्हा पुढे केली. "परत बघ बाबा," म्हणाली. मी घंटी दिली आणि तिला घाटाच्या पायथ्याला उतरवलं. डोक्यावर गाठोडं होतं, लेकीकडे निघाली असणार. तिथून वरचं गाव दोन कोस. रात्री जेवताना घास हातात घेतला आणि मी काय केलं ते मला कळलं. पुढे तीस वर्षं पायथ्याच्या त्या वळणावर गाडी हळू करायला लावायचो. ती दिसली नाही. तेवढं वाईट मला आयुष्यात दुसऱ्या कशाचं वाटलेलं नाही.

म्हणून गोष्टीचे पैसे मी घेत नाही. पण तुमच्यापैकी कुणाकडे फाटकी, चिकटवलेली, कुणी घेत नाही अशी नोट असेल तर ती मला द्या, बदल्यात चांगली घ्या. आमच्या घरी पत्र्याचा एक डबा भरलाय. बायको म्हणते, गाव रद्दी विकतं आणि तुम्ही विकत घेता. असेल तर काढा, लाजू नका. मी ती एकदा परत करीन. तुम्ही पुन्हा पुढे करा.